रोमपुरीस गेलेले व घरीं राहिलेले



आपल्या देवळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आमच्या युवकमंडळास चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल आम्ही आपले अत्यंत ऋणी आहोंत. सन २०२५ च्या ज्युबिली वर्षांत, जुलै महिन्याच्या अखेरीस, मंडळांतील चौदा जण रोमपुरीची यात्रा करून आले. त्या प्रवासाचा वृत्तांत सांगावा, अशी सूचना आहे. रोमविषयीं पुस्तकें पुष्कळ आहेत, आणि चित्रें तर आतां प्रत्येकाच्या खिशांतील यंत्रावर दिसतात. तेव्हां पाहिलेल्या प्रत्येक खांबाची मोजदाद ऐकवून आपला वेळ घेण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या गोष्टी आपल्या गांवाशीं व आपल्या भाषेशीं लागून आहेत तेवढ्याच सांगूं.

या यात्रेचा विषय धर्मग्रामाच्या सभेंत प्रथम निघाला तेव्हां आपल्यांतील एका वृद्ध काकांनीं उभें राहून विचारलें होतें, "देव काय रोमलाच राहतो? आपल्या वेदीवरच्या मंजूषेंत तोच नाहीं का?" सभेंत हंशा पिकला, परंतु प्रश्न हंशावारी नेण्यासारखा नव्हता. ज्युबिलीची दंडमुक्तीची कृपा मिळविण्यासाठीं रोमला जाणें आवश्यक नव्हतेंच. प्रत्येक धर्मप्रांतांत त्यासाठीं देवळें नेमून दिलीं होतीं, आणि आपल्यापैकीं अनेकांनीं येथल्या येथें ती कृपा मिळविली. काकांचें दुसरें बोलणें मात्र कोणी फारसें लक्षांत घेतलें नाहीं. ते म्हणाले होते, "पोरांना एकदां वाट दाखविली कीं पोरें त्या वाटेनें जातात." याविषयीं पुढें बोलूं.

दर माणशीं खर्च दीड लाखाच्या वर जाणार होता. ज्यांचे आईबाप वाडींत भाजी पिकवून पहाटेच्या गाडीनें दादरच्या बाजारीं नेतात, त्यांच्या घरांत ही रक्कम लहान नव्हे. दोन वर्षें आम्हीं लग्नसमारंभांत वाढप्याचें काम केलें, नाताळांत मेणबत्त्या व भेटकार्डें विकलीं, पावसाळ्यांत ज्यांचीं छपरें गळत होतीं त्यांचीं छपरें शाकारून मजुरी घेतली. सतरा जणांचीं नांवें ठरलीं. सतराही अर्ज एकाच दिवशीं, एकाच नमुन्यावर, एकाच शिफारसपत्रासह गेले. त्यांतले चौदा मंजूर झाले व तीन नामंजूर. नकाराचें कारण छापील होतें: मुदत संपण्यापूर्वीं अर्जदार मायदेशीं परतेल याची खात्री पटत नाहीं. हे तिघे कोण, तर शिवणकाम करून संसार चालविणाऱ्या एका विधवा मातेच्या दोन मुली, आणि एका मच्छिमाराचा मुलगा. ज्याच्या पासबुकांत शिल्लक कमी, त्याच्या परत येण्यावरही विश्वास कमी, असाच त्याचा सरळ अर्थ आम्हांस लागला. अर्जासाठीं भरलेली फी परत मिळाली नाहीं, ती नाहींच.

कोणीच जाऊं नये, असा ठराव त्या रात्रीं मंडळांत आला होता. तो त्या तिघांनींच मोडून काढला. मोठी बहीण म्हणाली, "आम्ही घरीं रडणार व तुम्हीही घरीं रडणार, यांत देवाची कोणती सेवा?" मग त्यांच्या आईनें एक कापडी पिशवी शिवली. तींत धर्मग्रामांतील लोकांनीं आपापल्या मागण्यांच्या चिठ्ठ्या घातल्या. पिशवीचें तोंड टांके घालून शिवून टाकण्यांत आलें. त्या चिठ्ठ्या कोणीं वाचल्या नाहींत, व आजही त्या कोणास ठाऊक नाहींत.

ज्युबिलीचा इतिहास थोडक्यांत असा. पोप आठवे बोनिफास यांनीं सन १३०० मध्यें पहिलें ज्युबिली वर्ष पाळलें. पुढें १४७५ पासून दर पंचवीस वर्षांनीं तें पाळण्याची चाल पडली. २०२५ च्या वर्षासाठीं संत पेत्राच्या महामंदिराचें पवित्र द्वार पोप फ्रान्सिस यांनीं ता. २४ डिसेंबर २०२४ रोजीं उघडलें. परंतु तें बंद करण्यास ते राहिले नाहींत. ता. २१ एप्रिल २०२५ रोजीं त्यांनीं देह ठेवला, ता. ८ मे रोजीं चौदावे लिओ यांची निवड झाली, आणि द्वार त्यांच्या हस्तें ता. ६ जानेवारी २०२६ रोजीं बंद झालें. म्हणजे ज्या पित्याच्या हांकेनें आम्ही पैसे जमविण्यास लागलों त्यांची भेट आम्हांस झाली ती थोर संत मरियेच्या महामंदिरांत, त्यांच्या कबरेपाशीं. साध्या दगडावर लॅटिन भाषेंत त्यांचें एवढें एकच नांव कोरलेलें आहे. रांग पुढें सरकत होती. क्षणभर थांबून आम्हांस पुढें जावें लागलें.

आमचा मुक्काम एका पाठशाळेंत, फरशीवर होता. उकाडा आपल्या मे महिन्यासारखा, पण घाम न येणारा, ओठ फुटत. रोमच्या लोकांची एक सोय मात्र आपण शिकावी अशी आहे. रस्त्यारस्त्यावर ओतीव लोखंडाचे ठेंगणे नळ उभे असून त्यांतून थंड, पिण्याजोगें पाणी अहोरात्र वाहतें. असे सुमारे अडीच हजार नळ त्या नगरींत आहेत, आणि त्यांच्या वांकड्या नळीवरून लोक त्यांस 'मोठें नाक' या अर्थाचें नांव देतात. राजा असो कीं भिकारी, पाण्यास दाम नाहीं. आपल्या गांवांतील बांवखलें बुजवून त्यावर इमारती उठत असतां आम्हांस हे नळ पाहून मत्सर वाटला, हें कबूल केलें पाहिजे.

पवित्र द्वाराकडे जाण्याची रीत अशी होती कीं, प्रत्येक संघास एक लांकडी क्रूस देत, व तो घेऊन पिया चौकापासून संत पेत्राच्या महामंदिरापर्यंत प्रार्थना म्हणत जावयाचें. आमच्या पुढें पोलंडचे तरुण होते, मागें मेक्सिकोचे. आम्हीं जपमाळ मराठींत म्हटली. क्रूस आळीपाळीनें खांद्यावर घेतला, आणि त्या तिघांच्या वांट्याचीं पावलें त्यांचीं नांवें मोठ्यानें उच्चारून चाललों. चिठ्ठ्यांची पिशवी क्रूसाला बांधलेली होती. द्वारांत शिरतांना एकेकाचें तळहात चौकटीस लागत होतें. कोणी कांहीं बोललें नाहीं. आंत गेल्यावर उजव्या हातास मायकेल-आंजेलोनें घडविलेली, मृत पुत्रास मांडीवर घेतलेली माता कांचेआड बसलेली दिसते. आमच्यापैकीं एकीचा भाऊ आदल्या वर्षीं रेल्वेच्या अपघातांत गेला. ती तेथून बराच वेळ हलली नाहीं, व आम्हींही तिला हलविलें नाहीं.

त्या महामंदिराची लांबीरुंदी सांगण्यापेक्षां एक तारीख सांगतों. ता. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं रोममध्यें नागासाकीच्या सव्वीस हुतात्म्यांस संतपद दिलें. त्यांत आपल्या वसईचा सुपुत्र गोन्सालो गार्सिया होता. त्याची माता याच भूमीची. जपानांत तो प्रथम गेला तो येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर, पुढें तो व्यापारी झाला, व मागाहून फ्रान्सिस्कन संघाचा साधा बंधु झाला. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर त्यास क्रूसावर चढविलें. रोमपुरीनें आपल्या गांवचें नांव असें पूर्वींच ऐकलेलें आहे. आम्ही तेथें अगदींच परके म्हणून गेलों नव्हतों.

दुसऱ्या दोन जागा फारसे यात्रेकरु पाहत नाहींत, किंवा आपल्या दृष्टीनें पाहत नाहींत. म्हणून त्यांविषयीं सविस्तर सांगावयाचें आहे.

क्विरिनाल टेकडीवर संत आंद्रेयाचें एक लहान देऊळ आहे. बांधणी लंबवर्तुळाकार, संगमरवर तांबूस, काम बर्निनीचें. तें सन १६५८ नंतर उभें राहिलें. त्यापूर्वीं त्याच जागीं येशूसंघाचें नवशिक्यांचें घर होतें. सन १५७५ च्या ऑक्टोबरांत एक इंग्रज तरुण त्या घरांत दाखल झाला. त्याच्या देशांत त्या काळीं कॅथोलिक राहणें धोक्याचें होतें. त्याचें नांव थॉमस स्टीफन्स. चार वर्षांनीं तो लिस्बनहून गलबतांत बसला व ता. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास पोंचला. पुढें जवळजवळ चाळीस वर्षें तो तेथेंच राहिला, तेथेंच वारला, आणि त्यानें मराठींत सुमारे अकरा हजार ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' लिहिलें. तें सन १६१६ मध्यें राचोल येथें छापलें गेलें. इंग्लंडांत जन्मलेला, रोममध्यें घडलेला मनुष्य आपल्या भाषेची थोरवी ओव्यांत गातो, आणि आपण मात्र आपल्या मुलांशीं घरांत मोडकें इंग्रजी बोलतों! सन १५७५ हेंही ज्युबिलीचेंच वर्ष होतें. म्हणजे बरोबर साडेचारशें वर्षांनीं आम्ही त्या टेकडीवर उभे होतों. आम्हीं तेथें मराठींत एक गीत म्हटलें. देवळाचा रखवालदार प्रथम कपाळाला आठ्या घालून आला. मग दाराशीं थांबून ऐकत राहिला.

दुसरी जागा येशूच्या नांवाचें देऊळ, येशूसंघाची मूळ वेदी. तेथें उजव्या बाजूच्या एका वेदीवर संत फ्रान्सिस झेवियर यांचा उजवा हात चांदीच्या कोशांत ठेवलेला आहे. तो सन १६१४ मध्यें देहापासून वेगळा करून रोमला पाठविण्यांत आला. देह गोव्यांत, हात रोममध्यें. गोव्यांतील दर्शनसोहळा ता. २१ नोव्हेंबर २०२४ पासून ता. ५ जानेवारी २०२५ पर्यंत झाला, त्यास आमच्यापैकीं नऊ जण गेले होते. तेथें तासन् तास रांगेंत उभें राहून एक नजर मिळाली. येथें वेदीपुढें दुपारच्या वेळीं आमच्याखेरीज तीनच माणसें होतीं. या हातानें किती जणांस बाप्तिस्मा दिला असेल त्याची गणती कोण करणार? वसईसही या संताचे पाय लागलेले आहेत. एका हाताची व एका देहाची अशी ताटातूट पाहून मंडळींतील एका मुलानें हळूच म्हटलें, "म्हणजे हे संतही अर्धे परदेशींच." तो विनोदानें बोलला, पण आपल्या कित्येक घरांत आज एक मुलगा कानडांत, एक आखातांत आणि आईबाप वाडींत, हें ध्यानीं घेतां त्यावर आम्ही हंसलों नाहीं.

भुयारांतील थडगीं, कोलोसियम, संत पावलाचें अग्नीनंतर पुन्हां उभारलेलें महामंदिर, हें सर्व पाहिलें. सुंदर आहे. पुढें जातों.

ता. १ ऑगस्ट हा प्रायश्चित्ताचा दिवस. प्राचीन रोमन लोक जेथें रथांच्या शर्यती लावीत त्या विस्तीर्ण मैदानांत पापनिवेदनासाठीं सुमारे दोनशें जागा मांडल्या होत्या. एक हजाराच्या आसपास धर्मगुरु पाळीपाळीनें बसत होते, व दहा भाषांची सोय होती. त्यांत मराठी नव्हती. इंग्रजी आम्हां सर्वांस येतें; परंतु पाप इंग्रजींत सांगितलें कीं तें दुसऱ्या कोणाचें तरी वाटतें. आमच्या सोबतच्या धर्मगुरूंनीं मैदानाच्या कडेस एका झाडाखालीं गवतावर बैठक मारली, गळ्यांत पट्टा घातला, आणि एकेकानें जाऊन आपलें मन मोकळें केलें. दोन तास लागले. त्या यात्रेंतील सर्वांत मोठें दर्शन कोणतें असें विचारल्यास निदान पांच जण त्या झाडाचें नांव घेतील.

आतां तोर वेर्गाताची रात्र. हें शहराबाहेरचें अफाट मैदान. सन २००० च्या ऑगस्टांत पोप दुसरे जॉन पॉल यांनीं जगांतील तरुणांस येथेंच बोलाविलें होतें. ता. २ ऑगस्ट २०२५ रोजीं आम्ही भर उन्हांत, पाठीवर बिछाना घेऊन, कांहीं मैल चालत तेथें पोंचलों. दहा लाखांहून अधिक तरुण जमले होते. अग्निशामक दलाचे लोक पाण्याचे फवारे मारून गर्दीस थंड करीत होते. आमच्या शेजारीं लेबनॉनचा एक संघ होता. त्यांच्या घरच्या बातम्या वाईट होत्या. तरी त्यांनीं आम्हांस खजूर दिले, व आम्हीं त्यांस वसईचीं सुकेळीं दिलीं. उन्हांत वाळविलेलें केळें त्यांस फार आवडलें. एकीनें पानाची गुंडाळीसुद्धां जपून ठेविली.

सायंकाळीं पोप लिओ आले. क्रूस स्वतःच्या हातीं धरून, तरुणांसह चालत, ते व्यासपीठावर चढले. तीन तरुणांनीं तीन प्रश्न विचारले: मैत्रीविषयीं, आयुष्याचा निर्णय घेण्याच्या धैर्याविषयीं, व प्रभूची खरी भेट कशी होते याविषयीं. त्यांनीं स्पॅनिश, इटालियन व इंग्रजी अशा तीन भाषांत उत्तरें दिलीं. त्या दिवसांत यात्रेस आलेल्या दोन तरुणींचें रोममध्यें निधन झालें होतें, एक स्पेनची व एक इजिप्तची. त्यांच्यासाठीं प्रार्थना झाली. नंतर पवित्र साक्रामेंत वेदीवर ठेवण्यांत आलें, आणि जे दहा लाख लोक क्षणापूर्वीं गात होते ते गप्प झाले. एवढ्या माणसांचें मौन आम्हीं पूर्वीं कधीं ऐकलें नव्हतें. दूरवर कोठें तरी एक तान्हें मूल रडत होतें, तेंही ऐकूं येत होतें.

रोममध्यें सायंकाळचे साडेआठ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र. त्या वेळीं येथें काय चाललें होतें तें आम्हांस परत आल्यावर कळलें. घरीं राहिलेल्या त्या तिघांनीं धर्मगुरूंकडून देवळाची किल्ली मागून घेतली होती. मुसळधार पाऊस, वीज गेलेली. तरी सत्तरएक माणसें छत्र्या घेऊन आलीं. वेदीवर मेणबत्त्या लावून, साक्रामेंतापुढें, रोमच्या त्याच घटकेस त्यांनीं जागरण केलें. पहिल्या बांकावर कोण बसलें होतें? तेच काका, ज्यांनीं 'देव काय रोमलाच राहतो?' म्हणून विचारलें होतें. मच्छिमाराच्या मुलानें आम्हांस सांगितलें कीं, काका पहाटे तीनपर्यंत उठले नाहींत. त्यांचा जो नातू आमच्याबरोबर रोममध्यें होता त्याचें नांव ते मधून मधून पुटपुटत होते.

दुसऱ्या दिवशींच्या मिस्सेच्या वेळीं पोपमहाराजांनीं गाझा व युक्रेन येथील तरुणांची आठवण काढली, आणि सन २०२७ च्या ऑगस्टांत, ता. ३ ते ८, कोरियांतील सोल येथें भेटण्याचें निमंत्रण सर्वांस दिलें.

आतां काकांच्या दुसऱ्या बोलण्याविषयीं. चौदाही जण परत आले. ज्या कचेरीस आमच्या परतण्याची शंका होती तिनें ही नोंद घ्यावी. परंतु त्या चौदांपैकीं दोघांनीं परतल्यावर परदेशीं शिक्षणासाठीं अर्ज केले आहेत. काकांची भीति सर्वस्वीं खोटी नव्हती. ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. आमचें मत इतकेंच कीं, मनुष्य वाट पाहून जातो तसा तो वाट पाहून परतही येतो, आणि येथें परतण्याजोगें कांहीं राहिलें आहे कीं नाहीं हा प्रश्न जाणाऱ्यापेक्षां राहणाऱ्यांस अधिक विचारला पाहिजे. वाडी विकली गेली, विहीर बुजली, घरांत मराठी थांबली, तर मुलगा रोमला न जातां बोरिवलीस जाऊनही आपणांस दुरावेल. उलट फादर स्टीफन्स हजारों कोस दूर येऊन येथलेच झाले. उरलेल्या बारांपैकीं दोघे येत्या हंगामांत वडिलांबरोबर वाडी कसणार आहेत, व एकीनें रविवारच्या धर्मशिक्षणवर्गांत मराठी प्रार्थना शिकविण्याचें काम पत्करलें आहे. हा हिशोब कोणत्या बाजूस झुकतो तें दहा वर्षांनीं आपणच पाहाल.

राहिली एक व्यवहाराची गोष्ट. यात्रेच्या निधींतून एकोणीस हजार रुपये शिल्लक आहेत. ते धर्मग्रामाच्या कचेरींत जमा केले असून हिशोबाची वही पाहण्यास खुली आहे. सोलच्या यात्रेसाठीं नवा निधि सुरूं करावा कीं नाहीं, हें या सभेनें ठरवावें. ठरल्यास आमची विनंति अशी कीं, यादींतील पहिलीं तीन नांवें त्या घरीं राहिलेल्या तिघांचीं असावींत, आणि त्यांच्या अर्जासोबत जामीन म्हणून सही करण्यास धर्मग्रामांतील ज्यांच्या पासबुकांत शिल्लक आहे अशा तीन गृहस्थांनीं पुढें यावें. एक नांव आम्हांस आधींच मिळालें आहे. तें काकांचें आहे.